एक्सएमएलमधून केळी भावाचं वेबपान: टेम्प्लेट कुठे चालवावं?

सावदेकर
रावेर, यावल, चोपडा इथले रोजचे केळी भाव एका एक्सएमएल फाइलमध्ये येतात. त्यावरून एक्सएसएलटीने (एक्सएमएलचं वेबपान बनवणारी टेम्प्लेटची भाषा) तालुकावार तक्ता काढायचाय. होस्टिंग साधं, पीएचपीचं. ब्राउझरमध्ये चालवू की सर्व्हरवर? सध्या पान कोरं येतंय, एररही नाही.

पांझराकाठ
सर्व्हरवरच. ब्राउझर एक्सएसएलटीच्या १९९९च्या १.० आवृत्तीपुढे कधी सरकलेच नाहीत, आणि क्रोमने ही सोयच काढणार असल्याचं २०२५ मध्ये जाहीर केलंय. पीएचपीचं एक्सएसएल एक्स्टेंशन चालू आहे का ते आधी बघा. भाव रोज एकदाच बदलतो, मग प्रत्येक वाचकासाठी रूपांतर कशाला? क्रॉनने (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) एकदा एचटीएमएल बनवून ठेवा.

कोऱ्या पानाचं कारण बहुतेक नेमस्पेस (घटकांची नावं कुठल्या संचातली ते सांगणारी खूण). मूळ घटकावर एक्सएमएलएनएस (नेमस्पेसची घोषणा) असेल तर एक्सपाथ (घटक शोधायची भाषा) १.० मध्ये नुसत्या नावाने काहीच सापडत नाही. फॉर-ईच (प्रत्येक नोंदीवर फिरणारी सूचना) गुपचूप रिकामा जातो. तोच नेमस्पेस स्टाइलशीटमध्ये (एक्सएसएलटीच्या फाइलमध्ये) एखाद्या उपसर्गाला बांधा आणि एक्सपाथच्या प्रत्येक पायरीला तो उपसर्ग लावा. (टेम्प्लेटच जुळलं नाही तर उलटं होतं, सगळा मजकूर सलग ओतला जातो.)

सावदेकर
नेमस्पेसच होता भो! आता तक्ता सोर्समध्ये दिसतो, पानावर नाही.

तापीकर
वर रिकामा स्क्रिप्ट टॅग असणार. आउटपुट मेथड (निकाल कुठल्या रूपात लिहायचा ती सेटिंग) एक्सएमएल असली की तो स्वतःतच बंद होऊन बाहेर पडतो. ब्राउझर त्याला बंद मानत नाही, खालचं सगळं स्क्रिप्ट म्हणून गिळतो. मेथड एचटीएमएल करा.

भावाच्या सॉर्टला डेटा-टाइप नंबर द्या. नाहीतर तुलना अक्षरांची होते आणि उतरत्या क्रमात ९५० हा १२५०च्या वर बसतो. देवनागरी अंक हवेत तर ट्रान्सलेट फंक्शन अगदी शेवटी, छापताना. आधीच बदलले तर बेरीज ‘नॅन’ (म्हणजे ‘संख्या नाही’).

सावदेकर
आणि तालुक्यांचे गट?

पांझराकाठ
फॉर-ईच-ग्रुप (गट पाडणारी सूचना) एक्सएसएलटी २.० पासूनचं, पीएचपीखालचं लिबएक्सएसएलटी (रूपांतर करणारी लायब्ररी) १.० वरच आहे. सॅक्सन (जावावर चालणारा एक्सएसएलटी प्रोसेसर) घेतलं तर जमेल, पण एवढ्यासाठी जावा कुठे मांडता? तालुक्यावर की (नोंदी शोधायची सूची) बांधा, जनरेट-आयडीने (नोंदीला वेगळी ओळख देणारं फंक्शन) प्रत्येक तालुक्याची पहिली नोंद निवडा, आत त्याच कीने बाकीच्या ओळी काढा.

तापीकर
टेम्प्लेटमध्ये एनबीएसपी (न तुटणाऱ्या मोकळ्या जागेची एचटीएमएलमधली खूण) लिहू नका. एक्सएमएलला ही एंटिटी ठाऊक नाही, पार्सर तिथेच थांबतो. तिच्याजागी अंकी संकेत १६० टाका.