वारसा यादी आणि घरमालक

वारसा यादीत, म्हणजे जपायच्या जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीत, घराचं नाव आलं की मालक कायमचा अडकला, असं बरेच जण म्हणतात. पूर्ण खरं नाही. मुंबईत 1995 पासून वारसा नियमावली आहे. त्यात श्रेणी 1, 2, 3 असे भेद आहेत आणि बंधनंही श्रेणीनुसार कमीजास्त. शिवाय न वापरता आलेला एफएसआय (जागेवर किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) टीडीआर म्हणून, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क म्हणून, विकता येतो. पण दुरुस्तीचा खर्च मालकाच्याच गळ्यात, ही अडचण खरीच.

गिरगावातल्या खोताच्या वाडीत एकदा फिरून या. बाहेरून चढणारे लाकडी जिने, कौलं, ओटीवरच्या आरामखुर्च्या. मागे टॉवर उभा राहिला की गल्लीतला उजेडच जातो. म्हणून एकेक घर नव्हे, आख्खा परिसरच जपायला हवा, असं मला मनापासून वाटतं.