कोड पुसायला लावणारी कार्यशाळा

‘दोन दिवस फळ्यावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून कुणी अजाइल होत नाही’ हे अशा कार्यशाळांबद्दलचं तुमचं म्हणणं सोळा आणे पटलं (अजाइल म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत, सुधारत सुधारत बनवण्याची पद्धत). पण सगळ्याच कार्यशाळा एका माळेचे मणी नव्हेत हो. मागे एका शनिवारी अंधेरीत कोड रिट्रीटला, म्हणजे प्रोग्रॅमरांच्या दिवसभराच्या सरावाला, बसलो होतो (२००९ पासून जगभर चालतो हा प्रकार). दिवसभर कोडं एकच, गणितज्ञ कॉनवेचं गेम ऑफ लाइफ: चौकटींच्या जाळ्यातली प्रत्येक पेशी शेजारी किती जिवंत आहेत त्यावर जगते किंवा मरते. जोडीने बसायचं, आधी टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा कोड) लिहायची, ती लाल म्हणजे नापास झालेली बघायची, मग ती हिरवी म्हणजे पास होण्यापुरताच कोड. आणि ४५ मिनिटं झाली की सगळं डिलीट! पहिल्या फेरीला माझा जीवच होईना. शेवटी जोडीदार बाईंनी माझा हात बाजूला सारून बटण दाबलं. पुढच्या फेरीला नवा जोडीदार, पुन्हा श्रीगणेशा. शेजारच्या जिवंत पेशी मोजायला सकाळी चाळीसेक ओळी खर्चल्या होत्या, दुपारी तेच काम पाच-सहा ओळींत बसलं.

सर्टिफिकेट वगैरे काही नव्हतं, बटाटेवडे मात्र उत्तम. पैसे भरण्याआधी आयोजकांना एवढंच विचारा, लॅपटॉप आणायचा का? ‘गरज नाही’ म्हणाले तर उगाच सुट्टीच्या दिवशी लोकलचे धक्के खाऊ नका.