जुनं फ्रूट मशीन घरी आणावं का? (बायको नको म्हणतेय)

लेस्टरकर:
मंडळी, कौल हवाय. इथून तासाभरावर एक जण बारक्रेस्ट कंपनीचं नव्वदच्या दशकातलं फ्रूट मशीन (पबमधलं नाणी टाकून खेळायचं जुगाराचं यंत्र) विकतोय. चित्रांची तीन फिरती रीळ, होल्ड (रीळ धरून ठेवायचं बटण), नज (रीळ एक घर सरकवायचं), चेरी-प्लम-लिंबू सगळं जागेवर. १५० पौंड, चाव्यांसकट. गॅरेजमध्ये डार्टबोर्डाशेजारी जागाही आहे.

कारण ऐका. २००४ मध्ये नॉटिंगहॅमला शिकायला आलो तेव्हा एका पबमध्ये ग्लास गोळा करायचं काम करत होतो. मशीन दारापाशीच होतं. मी त्यात कधी एक पौंडही टाकला नाही, कारण तो पौंड म्हणजे बसचं भाडं. पण रात्री खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवताना, सगळे दिवे मालवल्यावर, ते एकटंच कोपऱ्यात लुकलुकत असायचं. ती हौस राहून गेलीय. पैसे जिंकायचे नाहीत. नाणी माझी, कॅशबॉक्स माझा, चावी माझी. बायको म्हणते, मुलगा नऊ वर्षांचा आहे, घरात जुगाराचं यंत्र नको. तुम्ही काय म्हणता?

चिंचपोकळी_स्लो:
वहिनींचं बरोबर आहे.

आमचे आजोबा गिरणीत होते. पगाराच्या दिवशी आजी पोरांना घेऊन गेटवर उभी राहायची, नाहीतर पाकीट घरी यायच्या आधीच मटक्यात जायचं. आमच्या घरात ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे मटक्याचे शब्द उच्चारायची सोय नव्हती. दुकान ‘उघडं’ असायचं नाहीतर ‘बंद’. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. आजी २०११ ला गेली, तोवर हेच चालू होतं. हौस म्हणून कॅरम घ्या.

खटपट्या_वुल्व्हरहॅम्प्टन:
नैतिक बाजू इतर बघतील, मी पाना-पक्कड बाजू सांगतो. माझ्या शेडमध्ये अशी दोन आहेत (एक चालू, दुसरं चालू करतोय, गेली चार वर्षं).

आधी आतला मुख्य बोर्ड बघा. नव्वदचं बारक्रेस्ट म्हणजे बहुधा एमपीयू-४ नावाचा बोर्ड. त्यावर एक रिचार्जेबल बॅटरी असते, ती म्हातारपणी गळते आणि तांब्याचे ट्रॅक खाऊन टाकते. बोर्डावर हिरवट बुरशीसारखं दिसलं तर १५० नाही, ५० सुद्धा देऊ नका. ‘काल चालू होतं’ हे वाक्य प्रत्येक विक्रेत्याला तोंडपाठ असतं.

दुसरं, नाणी. जुना गोल पौंड १५ ऑक्टोबर २०१७ ला चलनातून गेला. जुन्या मशीनचा कॉइन मेक (नाणं ओळखणारा भाग) नवा बाराकोनी पौंड ओळखत नाही. तो बदलून किंवा प्रोग्रॅम करून घेतलात तरी नवं नाणं व्यासाने जवळजवळ १ मिलिमीटर मोठं आहे, पैसे देणाऱ्या नळीत अडकू शकतं. १० पेनीचं मशीन सोपं, असं लोक म्हणतात, पण २०१२ पासून ते नाणंही स्टीलचं झालंय, त्यामुळे जुने मेक नवी नाणी थुंकतात. विकणाऱ्याला सांगा, तुझ्या नाही, माझ्या खिशातल्या नाण्याने चालवून दाखव.

वजन दोन माणसांचं काम आहे आणि ती दोन माणसं तरणी हवीत. जिन्यावरून न्यायचा विचारही नको. चाव्या सगळ्या कुलपांना लागतात का ते तिथेच बघा, नाहीतर घरी येऊन ड्रिल मारावं लागतं. आणि आतला वीजपुरवठा मेन्सवर असतो, तेव्हा प्लग काढल्याशिवाय हात घालायचा नाही.

एक राहिलं, कायदा. घरात हौसेने ठेवायला कोणी आडवं येत नाही. पण २००५ च्या गॅम्बलिंग ॲक्टप्रमाणे मशीन विकायलाच परवाना लागतो. एखादंच मशीन विकणाऱ्या साध्या माणसासाठीही गॅम्बलिंग कमिशनचा वेगळा एक-मशीन परवाना आहे. बहुतेकांना हे माहीत नसतं, काहींना माहीत नसल्यासारखं करायचं असतं. विचारा. आणि पाहुण्यांकडून पैसे घेऊन जॅकपॉट वाटायला लागलात तर ते तुमचं घर राहत नाही.

ग्लासगोची_सून:
इकडे स्कॉटलंडमध्ये याला ‘पगी’ म्हणतात, नाव किती गोड! पण यंत्र गोड नाही. लोकांना वाटतं रीळ फिरतं आणि नशिबाने थांबतं. ब्रिटनमधली बरीचशी पबवाली मशीन तशी नसतात. किती आले, किती दिले याचा हिशोब ती ठेवतात, आणि ठरलेल्या टक्केवारीकडे सरकत राहतात. म्हणून नंतरच्या मशीनवर बारीक अक्षरात सूचना असते, की कधीकधी खेळणाऱ्याला असा पर्याय दिला जाईल ज्यात जिंकण्याची शक्यताच नाही. पुढचा आकडा मोठा म्हणून ‘हाय’ दाबा की लहान म्हणून ‘लो’, निकाल आधीच लागलेला. असली वस्तू मी फुकटही घरात घेणार नाही.

लेस्टरकर:
ताई, तुमच्याच मुद्द्यावर मी उलटं म्हणतो. मुलाला हेच दाखवायचंय. समोर बसून १०० नाणी घालायची, परत आलेली मोजायची, मग दार उघडून कॅशबॉक्समधली दाखवायची. बघ बाळा, उरलेली कुठे गेली ते. पबमध्ये हे दार कधी उघडून दाखवतात का? सुट्टीत समुद्रकाठी स्केगनेसला गेलो की तो २ पेनीच्या मशीनपाशी तासभर चिकटलेला असतोच. तिथे मी काय शिकवणार?

चिंचपोकळी_स्लो:
नऊ वर्षांच्या पोराला हिशोब लक्षात राहत नाही, नाणी पडल्याचा आवाज लक्षात राहतो. आणि त्या पोराचा अनुभव काय? पैसे संपले की बाबा चावी लावतात आणि सगळे परत मिळतात. म्हणजे हरणं नावाची गोष्टच नाही! ही शिकवण पबपेक्षा वाईट.

लेस्टरकर:
…हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता.

देवरुखचा_बाप्या:
गणपतीत जागरणाला आमच्या वाडीत आरती झाली की चटया पडतात आणि पहाटेपर्यंत पत्ते चालतात. रमीने सुरू, तीन पत्तीने शेवट. त्यात पैसे लावणारे काका सकाळी पूजेला सोवळ्यात. तेव्हा कोणी ‘संस्कार’ काढत नाही. परदेशात एकाने गॅरेजमध्ये एक दिव्यांचं कपाट ठेवलं तर लगेच धर्म बुडाला. घ्या हो तुम्ही, १५० पौंडात माणूस इकडे यायचं तिकीटही येत नाही.

मांडवीकाठ:
गोव्यात १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना मुभा मिळाली. अशाच एका हॉटेलात मी सुरुवातीला हाउसकीपिंगला होतो, नाव कशाला घेऊ. सकाळी सहाला व्हॅक्यूम घेऊन जायचो तर रात्रीचाच माणूस तिथे. नळी पायाशी आली की दोन्ही पाय वर उचलायचा, मान वळायची नाही, बोट बटणावरच. मी पुढे गेलो की पाय खाली.

बाकी तुमची मर्जी. गॅरेजमध्ये खुर्ची ठेवू नका, उभ्यानेच खेळा.

लिंबाचं_लोणचं:
कोणीच विचारलं नाही म्हणून विचारते. त्या गॅरेजमध्ये ट्रेडमिल आहे का? वापरतो का कोण? लॉकडाउनमधलं ब्रेड मशीन? मग वहिनींचा विरोध जुगाराला आहे की अजून एका डब्याला, हे एकदा नीट विचारा. आमच्याकडे ‘संस्कार’ म्हणजे बऱ्याचदा ‘झाडायचं कोणी’ असा अर्थ असतो.

खटपट्या_वुल्व्हरहॅम्प्टन:
हाहा. ट्रेडमिल माझ्याकडे पण आहे, त्यावर बारक्रेस्टची काच ठेवलीय.

एक सुचवू का? ऐंशीच्या दशकातलं टोकनवालं मशीन शोधा. तेव्हा रोख बक्षिसावर मर्यादा होती, म्हणून मोठं बक्षीस टोकनात मिळायचं, ती टोकन परत मशीनमध्येच घालायची. टोकनच्या पिशव्या जुन्या बाजारात मिळतात. मेक फक्त टोकनसाठी ठेवायचा, म्हणजे खरं नाणं आत जाणारच नाही. नाहीतर लॅपटॉपवर एमएफएमई हे सॉफ्टवेअर टाका, जुनी शेकडो मशीन त्यावर चालतात, वजन शून्य. पण बटण दाबल्यावर जो खटका लागतो तो माउसला नाही.

लेस्टरकर:
शनिवारी बघून आलो. बोर्ड हिरवागार, पालकाचं सूप सांडल्यासारखा. परवान्याचं विचारल्यावर तो माणूस हवेबद्दल बोलायला लागला. नाही घेतलं.

ट्रेडमिल आहे. (लोणचंताई, तुम्हाला साष्टांग.) बायकोशी बोलणं झालं. टोकनवालं मिळालं तर हो म्हणतेय, दोन अटींवर. ट्रेडमिल आधी जाणार, आणि टोकन तिच्या मिसळणाच्या डब्यात राहणार. रोज २०, हरली की हरली, मधे कॅशबॉक्स उघडायचा नाही. दुसरी अट चिंचपोकळीकरांचं वाचून घातलीय.

चिंचपोकळी_स्लो:
माझा विरोध नोंदवून ठेवा, तो मागे घेतलेला नाही.

त्या टोकनवर काय छापलेलं असतं हो?