२०१२चा घरचा कॉम्प्युटर: रॅम वाढवू, की नवाच घेऊ?

गौराई, तालुका चोपडा

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. २०१२च्या दिवाळीत जळगावहून असेंबल करून आणलेला कॉम्प्युटर घरी आहे. जावयांनी फोनवर सांगितलं तसं बघून लिहिते आहे: इंटेल कोअर आय-थ्री २१२०, एच-६१ मदरबोर्ड, २-२ जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ७. प्रॉपर्टीजमध्ये रॅम ४ जीबी दिसते, पण शेजारी 'वापरण्याजोगी ३.१६' असं लिहिलेलं आहे.

माझं काम फार नाही. बँकेचं खातं बघणं, सातबारा काढणं, थोडं मराठी टायपिंग. टायपिंग कृतिदेव या फॉन्टमध्ये करते, कारण हाताला टाइपरायटरची सवय.

पण एक काम फार मोलाचं आहे. आईला आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, आणि आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची पुष्कळ गाणी यायची. २०१४ ते २०१९ या काळात मी ती फोनवर रेकॉर्ड केली आणि याच कॉम्प्युटरवर टाकली. ११२ फाइली आहेत. आई आता नाही, ते फोनही राहिले नाहीत. रोज दुपारी एकेक गाणं ऐकून मी ते आमच्या अहिराणी बोलीत उतरवून घेते. काही गाणी ती जात्यावर बसल्या बसल्या म्हणालेली, घरघरीत शब्द बुडतो, मग एका कडव्याला अर्धा अर्धा तास जातो.

आता त्रास सांगते. बटण दाबल्यापासून हाताशी यायला सात-आठ मिनिटं लागतात. लाईट जाऊन आली की तारीख २०११ची होते, आणि मग बँकेची साइट 'सुरक्षित नाही' म्हणून उघडतच नाही. महिनाभरापासून आतून मधूनच टक्, टक् असा आवाज येतो आणि तेवढा वेळ पडदा गोठतो.

एका दुकानात म्हणाले, ४ जीबी रॅम टाका, पळेल. दुसरीकडे म्हणाले, भंगारात द्या, ३२ हजारांत नवा देतो. पेन्शनीतून निघतील, पण चालतं यंत्र टाकून द्यायला जीव होत नाही. सहा हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. काय करू?

पारोळेकर

ताई, रॅम ८ करून घ्या. आमच्याकडे दूध डेअरीच्या हिशोबाचा कॉम्प्युटर असाच रखडायचा. रॅम वाढवली आणि एकदम मोकळा झाला.

भुसावळ दुरुस्तीवाला

ताई, हे वाचताना तो कॉम्प्युटर चालू असेल तर आधी बंद करा. बाकीचं मग वाचा.

तो टक् आवाज हार्ड डिस्कचा आहे असं मला वाटतं. तिच्या आत तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा फिरते आणि एक बारीक दांडी तिच्यावरून माहिती वाचत हिंडते. एखादी जागा वाचता आली नाही की दांडी मागे जाऊन पुन्हा प्रयत्न करते. तोच टक्, आणि पडदा गोठतो तो त्याच वेळी. अशी डिस्क कधी वर्षभर निघते, कधी संध्याकाळपर्यंतही नाही. तुमच्या आईची गाणी दुसरीकडे कुठेच नाहीत, म्हणून रॅम, वेग, विंडोज सगळं बाजूला ठेवा. पहिलं काम गाणी बाहेर काढणं.

त्यासाठी कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. डिस्क काढून दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरला लावायची. यूएसबीला जोडायची केबल मिळते, पण तुमची डिस्क साडेतीन इंची असणार, तिला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. नुसत्या यूएसबीवर ती फिरणारच नाही, आणि लोकांना वाटतं डिस्क मेली. जोडल्यावर आधी गाण्यांचा फोल्डर उचला. लग्नाचे फोटो, पिक्चर नंतर. जी फाइल अडेल ती सोडून पुढे जा, अडलेल्या फाइली शेवटी घ्या. डीफ्रॅग, चेकडिस्क किंवा 'स्पीड वाढवणारं' सॉफ्टवेअर या डिस्कवर अजिबात चालवू द्यायचं नाही. ते सगळी डिस्क उकरतं, आणि दमलेल्या डिस्कचा जीव त्यातच जातो. उतरवलेल्या फाइलींच्या दोन प्रती करा, दोन वेगळ्या घरांत ठेवा. एकट्या पेनड्राइव्हच्या भरवशावर राहू नका.

आता रॅमचं. पारोळेकर भाऊंना गुण आला, कारण त्यांचं विंडोज ६४-बिट असणार. ताई, तुमच्याकडे ४ पैकी ३.१६ दिसतंय, म्हणजे विंडोज ३२-बिट आहे. ते ४ जीबीच्या पलीकडे बघतच नाही. दुकानदाराने आणखी ४ जीबी टाकली असती, तुम्ही पैसे दिले असते आणि कॉम्प्युटर होता तिथेच राहिला असता. शिवाय एच-६१ बोर्डावर रॅमच्या जागा बहुधा दोनच असतात आणि तुमच्या दोन्ही भरलेल्या आहेत. वाढवायची तर जुन्या काढून ४-४च्या दोन घ्याव्या लागतील, डीडीआर-थ्री. ही आता जुनीच मिळते. स्वस्त म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पट्ट्या फक्त एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरच्या बोर्डावर चालतात, इंटेलवर नुसता बीप वाजतो. दुकानातच लावून, चालू करून, मग पैसे द्या.

खरा फरक एसएसडीने पडेल, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या, आत काहीच न फिरणाऱ्या डिस्कने. अडीच इंची, साटावाली घ्या; साटा म्हणजे डिस्क बोर्डाला जोडायची जोडणी. ती नवी चपटी एनव्हीएमई एसएसडी तुमच्या बोर्डावर बसत नाही. कोणी म्हणेल की एच-६१ची साटा जुनी, ३ गिगाबिटची, तुम्हाला एसएसडीचा अर्धाच वेग मिळेल. बोलणं खरं आहे, पण तुमच्या कामाला त्याने फरक पडत नाही. कॉम्प्युटर सुरू होताना हजारो लहान फाइली शोधतो, आणि दरेक फाइलीला त्या दांडीला इकडून तिकडे पळावं लागतं. एसएसडीत दांडीच नाही. २५६ जीबी तुम्हाला भरपूर होईल. भाव आजकाल वरखाली होतात, दोन दुकानांत विचारा.

तारखेचं कारण अगदी लहान आहे. बोर्डावर सीआर २०३२ नावाचा रुपयाएवढा चपटा सेल असतो, तो संपलाय. तारीख २०११ झाली की बँकेच्या साइटचं प्रमाणपत्र कॉम्प्युटरला 'अजून सुरूच न झालेलं' वाटतं, म्हणून तो दार लावतो. सेल बदलला की तारीख टिकेल.

आणि डबा उघडलाच आहे तर एक काम करून घ्या, आपल्या भागात ते फार लागतं. मी जिनिंगमधले कॉम्प्युटर दुरुस्त करतो. प्रोसेसरवरचा पंखा उचलला की खाली कापसाच्या तुसाची गादी निघते, नमद्यासारखी घट्ट, अख्खी सोलून हातात येते. वारा आत जायला जागाच नसते. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४५ अंश, खोलीत ३८, मग आत काय होत असेल? प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच हळू होतो आणि माणसाला वाटतं कॉम्प्युटर जुना झाला. ब्लोअरने धूळ उडवताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो सुसाट फिरून त्याचं बेअरिंग जातं. प्रोसेसरवरची पेस्ट चौदा वर्षांत वाळून खडू झाली असेल, ती पुसून नवी लावायला सांगा. डबा भिंतीला आणि देव्हाऱ्याच्या समईला टेकून ठेवू नका.

गौराई

भाऊ, वाचलं तेव्हा चालूच होता. लगेच बंद केला. हात कापत होते. उद्या सकाळच्या एसटीने जळगावला पुतण्याकडे डिस्क घेऊन जाते, त्याच्याकडे चांगला कॉम्प्युटर आहे.

एक विचारते. एसएसडी घेतली की विंडोज कोणतं टाकायचं? दुकानदार म्हणतो, ११ टाकून देतो.

पांझराकाठ, धुळे

ताई, त्या मशीनवर ११ टाकू देऊ नका. विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो. तुमचा २१२० दुसऱ्या पिढीचा. आडमार्गाने बसवतात, पण पुढे अपडेट येतील याची हमी नाही, आणि तुम्ही त्यावर बँक वापरणार. विंडोज ७ला असलेला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२०ला संपला, १०चा १४ ऑक्टोबर २०२५ला. क्रोमचीही ७वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९.

मी शाळेच्या संगणक कक्षात अशाच जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली टाकली आहे. फुकट आहे, आणि मिंट २२ला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. खालची पट्टी, कोपऱ्यातला मेनू, सगळं विंडोज ७सारखंच, मुलं एका तासात रुळली. हे ६४-बिट आहे, म्हणजे ८ जीबी रॅम पूर्ण वापरात येईल. आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं, एसएसडीला हात न लावता. तेव्हाच प्रिंटर चालतो का बघून घ्या. काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर फार छळतात.

कृतिदेवबद्दल मात्र कळकळीने सांगतो. कृतिदेवमध्ये तुम्ही 'म' उमटवता तेव्हा फाइलीत इंग्रजी 'ई' साठतो, फॉन्ट त्याला 'म'चा मुखवटा चढवतो. ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथे तुमच्या आईचं गाणं इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसेल. नातवाच्या मोबाइलवरही तेच. जुन्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर मराठीच दिसेल अशा अक्षरांत, बदलून घ्या, त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. बदलल्यावर एकेक ओळ मूळ गाण्याशी ताडून बघा, जोडाक्षरं आणि रफार इकडचे तिकडे होतात. कन्व्हर्टर करणाऱ्याला अहिराणी येत नाही, तुम्हाला येते. पुढचं लिखाण इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत करा. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या, मिंटमध्ये मराठी कीबोर्ड निवडला की सुरू. पंधरा दिवस जड जाईल.

गौराई

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. डिस्क टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन गेले. पुतण्याने अडॅप्टरवाली केबल आणली होती. ११२पैकी १०७ फाइली सरळ उतरल्या. पाच अडल्या, त्यातल्या तीन पुन्हा पुन्हा लावून रात्री अकराला मिळाल्या. दोन गेल्या. त्यातलं एक गाणं कानबाईला निरोप देतानाचं. शिरपूरच्या बहिणीला त्याची निम्मी कडवी येतात, तिच्याकडून लिहून घेतली. एक प्रत तिच्याकडे ठेवली, एक पुतण्याकडे, एक माझ्याजवळ. तिसऱ्या दिवशी जुनी डिस्क कोणत्याही कॉम्प्युटरला दिसेनाशी झाली. भाऊ, तुमचे उपकार मी विसरणार नाही.

एसएसडी, ४-४च्या दोन रॅम, सेल, पेस्ट आणि साफसफाई मिळून ५,३०० रुपये झाले. बटण दाबल्यापासून अर्ध्या मिनिटात समोर. तारीख टिकते, बँक उघडते. पंख्याखालून खरंच करड्या रंगाची गादी निघाली. मिंट टाकलं आहे, प्रिंटर चालला.

इनस्क्रिप्ट शिकते आहे. 'ळ' सापडला, पण आमच्या अहिराणीत तो फारसा लागतच नाही, डोळ्याला आम्ही 'डोया' म्हणतो. 'वाऱ्यावर' लिहिताना मात्र 'र्या' असा रफार येतो. तो आडवा अर्धा र कसा काढायचा?

पांझराकाठ, धुळे

ताई, साधा र 'जे'वर आहे, तुम्हाला हवा तो शिफ्ट धरून 'जे'. त्याला लागून 'डी', तो हलन्त. मग उजवीकडची तिरप्या रेघेची कळ, तिच्यावर य. शेवटी काना, 'ई'. म्हणजे ऱ, ्, य, ा. उमटेल 'ऱ्या'.

गौराई

उमटला.