लायसन्स काढून घेतलं, पावती दिली नाही. आता काय करावं?

नमस्कार मंडळी, धाकट्या भावासाठी सल्ला हवा आहे.

तो दुचाकीवरून डबे पोचवतो. गेल्या गुरुवारी चौकात वाहतूक हवालदारांनी त्याला बाजूला घेतलं. पाय टेकवतोय तोवर गाडीची किल्ली त्यांच्या मुठीत. आरसी, विमा, पीयूसी डिजीलॉकरमध्ये होतं, तर म्हणाले, "फोनमधलं चालत नाही." लायसन्सचं कार्ड पाकिटात होतं, ते दिलं. त्यांनी ते शर्टाच्या खिशात टाकलं, किल्ली परत केली आणि "कोर्टातून घे" म्हणाले. कुठलं कोर्ट, कधी, कशाबद्दल, काही नाही. पावती नाही, चलनाचा मेसेजही नाही. डबे गार होत होते म्हणून हा निघून आला.

गणवेशातल्या पोलिसांनी मागितलं की लायसन्स दाखवावंच लागतं (मोटार वाहन कायदा, कलम १३०), त्याला आमची ना नाही. पण सहा दिवस झाले, तो कार्डाशिवाय गाडी चालवतोय. नावात फरक असल्यामुळे लायसन्स डिजीलॉकरला जोडलं जात नाही. घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. शेजारचे काका म्हणतात, हरवल्याची तक्रार देऊन डुप्लिकेट काढा. मला ते पटत नाही. काय करावं?

प्रतिसाद

ताई, हरवल्याची तक्रार अजिबात देऊ नका. खोटं लिहून दिलं तर उद्या भाऊच अडकेल.

फोनमधली कागदपत्रं चालतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ मध्ये २०१८ साली तशी दुरुस्ती झाली आहे. लायसन्स मात्र कलम २०६ खाली ठरावीक कारणांसाठी जप्त करता येतं, पण तात्पुरती पोच द्यावीच लागते. ती पोच फार महत्त्वाची असते, कारण लायसन्स कोर्टाकडे पाठवायला घेतलं असेल तर ते परत मिळेपर्यंत किंवा पोचेवर लिहिलेल्या तारखेपर्यंत तिच्यावर गाडी चालवता येते. तुमच्या भावाचा हक्क तिथे डावलला गेलाय.

आधी गाडीच्या नंबरावर ई-चलन निघालंय का बघा. मग वाहतूक शाखेच्या प्रभारी अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करा: तारीख, वेळ, चौक, छातीवरच्या पट्टीवरचं नाव आठवत असेल तर तेही. लायसन्स किंवा पोच द्या, एवढीच मागणी. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का घ्या. किल्लीचंही लिहा, फक्त घडलं तसं.

हेल्मेट होतं ना?

धागाकर्ती

खूप आभार. हेल्मेट होतं, पण पट्टा लावला नव्हता, हे आत्ता कबूल केलंय त्याने.

प्रतिसाद

मग कारण तेच असणार. कलम १२९ प्रमाणे पट्टा बांधलेला असावा लागतो, आणि २०१९ पासून हेल्मेटच्या गुन्ह्यात लायसन्स घेऊन आरटीओकडे पाठवता येतं, तीन महिने अपात्र ठरू शकतं. अर्जात पट्ट्याचं लपवू नका. पोच तरीही मागाच. पण अशा जप्तीत पोचेवर गाडी चालवता येत नाही, म्हणून लायसन्स परत मिळेपर्यंत डबे दुसऱ्या कुणाकडून पाठवा.