ट्रोलिंग, जल्पक की पाठलाग?

ट्रोलिंगला मराठीत नेमकं काय म्हणायचं? पेपरात 'जल्पक' वाचलाय पण बोलताना कोणी म्हणत नाही. विचारायचं कारण, माझ्या भाचीला एक जण दोन महिने मेसेज करत होता, 'काल कुठल्या स्टॉपला उतरलीस ते बघितलं', 'ती पिवळी ओढणी परत घाल', एक अकाउंट ब्लॉक केलं की दुसऱ्यावरून हजर. पोलीस स्टेशनला गेलो, ती म्हणाली मला ट्रोल करतोय, तर समोरच्या हवालदारांनी पेन खाली ठेवलं, ट्रोलिंगचं कलम नाही म्हणाले, ब्लॉक करून टाका. नवीन कायदाच हवा असं वाटायला लागलंय.

प्रतिसाद :
ट्रोलिंगचा संबंध मासेमारीशी लावतात, होडी चालू ठेवून मागे आमिष लावलेला गळ ओढत न्यायचा. आणि जल्प आपल्या न्यायदर्शनातला, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रातला, वाद खरं काय ते शोधायला, जल्प नुसता जिंकायला, वितंडा म्हणजे स्वतःचं काही न मांडता समोरच्याचं खोडत बसायचं. म्हणजे जल्पक कितीही वाईट असला तरी तो वादाला बसलेला माणूस आहे, तुमच्या भाचीशी कोण वाद घालत होतं हो? याला पाळत ठेवणं म्हणतात, पिच्छा पुरवणं म्हणतात, कायद्यात 'पाठलाग'. २०१३ पासून भारतीय दंड संहितेत कलम ३५४ ड होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ७८. बाईच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणंसुद्धा त्यात येतं. कायदा आहे, तक्रारीत शब्द चुकीचा गेला.

प्रतिसाद :
'उच्चार' हा शब्द पण बघा. जुन्या दंड संहितेच्या ५०९ कलमात बाईचा अपमान करायच्या हेतूने शब्द 'उच्चारणे' असं होतं, तर एका केसमध्ये बचाव असा की ईमेल लिहिलाय, तोंडाने कुठे बोललोय. मुंबई हायकोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये तो मानला नाही, लिहिलेलंही त्यात येतं म्हणाले. मला तो निकाल फार आवडला, जुना शब्द नीट वाचला की पुरतो.
पण घाईत केलेला कायदा काय करतो ते आपण पालघरला बघितलंय. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेबांच्या निधनानंतरच्या बंदवर एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने लाइक केलं, दोघींना अटक. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ होतं, त्यात 'त्रास', 'गैरसोय' असले शब्द, कोणालाही कशाचाही त्रास होऊ शकतो ना. सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला ते कलमच रद्द केलं.

मूळ धागाकर्ता :
पटलं. काल भाचीने अर्ज परत लिहिला, ट्रोलिंग खोडून 'पाठलाग' आणि 'धमकी' लिहिलं, प्रत्येक स्क्रीनशॉटवर तारीख वेळ घातली, या वेळी तक्रार घेतली.
तरी एक जागा मला रिकामीच दिसते. पाठलागाच्या कलमात 'वारंवार' आहे, म्हणजे एकाच माणसाने पुन्हा पुन्हा. दोनशे जणांनी एकेकच घाण मेसेज टाकला तर वारंवार कोणीच केलं नाही, पण तिच्या फोनवर तर दोनशे आलेत. शिवाय ते कलम फक्त बाईसाठी, आमच्या शेजारच्या नववीतल्या पोराचा व्हिडिओ करून वर्गाच्या ग्रुपवर महिनाभर फिरवला, त्याला काय म्हणायचं? एवढ्यापुरता नवीन कायदा हवाच, आणि त्यात 'त्रास' लिहून भागणार नाही. 'झुंडीने छळ' कसा वाटतो? की याहून नेमका शब्द आहे कोणाकडे?