पाइपलाइनला 'गंज' लिहायचं की 'क्षरण'?

लोटेकर
लोटे एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. लाइन तपासणाऱ्या पोरांसाठी मराठीत चेकलिस्ट करतोय. 'गंज आहे का?' असा रकाना केला, तर एकाने स्टेनलेसच्या लाइनपुढे सरळ 'नाही' लिहिलं. त्याचं बरोबरच, लाल काही दिसत नव्हतं, पण वेल्डच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडलेली आणि आत पोकळ. खाऱ्या हवेतलं क्लोराइड (मिठातला घटक) ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसला असंच पोखरतं. साहेब म्हणतात 'संक्षारण' (म्हणजे करोजन) लिहा. वाचणार कोण?

शब्दवेडा
दहावीच्या विज्ञानात त्यालाच 'क्षरण' आहे, कोणत्याही धातूला चालतं, पोरं ते शिकूनच येतात. गंज लोखंडाचा. तांब्यापितळेवर हिरवं चढतं तो कळंक, त्यावरूनच ताक कळकतं. नेमका शब्द असताना टाळायचा का?

मिरकरवाडा
बोटीवर कोणी क्षरण म्हणत नाही दादा, 'खाल्लं' म्हणतात. तळाला जस्ताच्या वड्या लावतो, पाणी आधी त्यांना खातं म्हणून पंखा आणि शाफ्ट वाचतो. 'धातू कुठे खाल्लाय का' लिहा, कोणालाही कळेल.

शब्दवेडा
बोलायला ठीक. उद्या अपघात झाला तर चौकशीत 'खाल्लाय' म्हणजे किती, हे कोण सांगणार?

रोह्याची लेक
किती ते जाडी मोजायचं गेज सांगेल ना! लॅगिंगवरचा (पाइपभोवतीच्या उष्णतारोधक थरावरचा) पत्रा वरून चकचकीत असतो, आत पावसाचं पाणी शिरून पाइप पापडासारखा झालेला असतो. तिथे गंज लिहा नाहीतर क्षरण, डोळ्यांना दिसणारच नाही. लॅगिंग उघडून अल्ट्रासॉनिकने जाडी घ्यायची आणि मागच्या वेळेचा आकडा शेजारी लिहायचा. आणि 'गळती'चं काय केलंत? पंपाच्या ग्लँड पॅकिंगमधून (शाफ्टभोवती आवळून बसवलेल्या दोरीसारख्या पॅकिंगमधून) थोडे थेंब पडायलाच हवेत, नाहीतर पॅकिंग जळतं आणि शाफ्टला चर पडतात. आमच्याकडे एका नवीन पोराने 'गळती बंद केली' म्हणून ग्लँड आवळून टाकली होती.

लोटेकर
हे महत्त्वाचं आहे ताई. मग ग्लँडला 'ठिबक' आणि फ्लँजला (पाइपच्या बोल्ट लावलेल्या जोडाला) 'गळती' असं वेगळं लिहू?

शब्दवेडा
ठिबक म्हटलं की लोकांना ठिबक सिंचन आठवतं. 'पाझर' घ्या.

मिरकरवाडा
पाझर विहिरीला. ग्लँड ठिबकते, पाझरते कुठे?

गुहागरची वहिनी
मूळ गंजावर कोणी बोललंच नाही. आमच्या आजोळी कोयतीला 'तांब चढली' म्हणायचे. तांबडा रंग म्हणून तांब, गव्हावरचा तांबेरा पण त्यातलाच.

शब्दवेडा
ताम्र, तांबडा, तांब, बरोबर. पण मग स्टेनलेसला तांब म्हणता येणार नाही, म्हणजे क्षरणच.

मिरकरवाडा
खाल्लं!